गाऊट असताना स्कूबा डायव्हिंग करावे का? आणि वर आल्यावर सांधा दुखला, तर तो गाऊट की बेंड्स?

मुठाकाठ (कर्वेनगर, पुणे)

नमस्कार मंडळी,

माझे वय ४८ वर्षे आहे. तीन वर्षांपूर्वी सिंहगड चढून आलो, त्याच्या दुसऱ्या रात्री अडीच वाजता उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी असा ठणका लागला की मी उठून बसलो. पाय मुरगळला असावा असे समजून शेकत राहिलो आणि सकाळपर्यंत तो सांधा लालभडक होऊन चकाकू लागला; पांघरुणाची कड लागली तरी जीव कळवळत होता. रक्तातले युरिक ॲसिड ८.९ निघाले आणि गाऊटचे, म्हणजे युरिक ॲसिड साठून सांधे सुजण्याच्या आजाराचे, निदान झाले. दहा दिवस गोळ्या घेतल्या, दुखणे थांबले आणि त्याबरोबर गोळ्याही थांबवल्या. त्यानंतर आणखी तीन झटके येऊन गेले. शेवटचा यंदा गणपतीत, विसर्जनाच्या आदल्या दिवशी आला. तेव्हापासून मात्र युरिक ॲसिड उतरवणारी फेबुक्सोस्टॅट ४० मिलिग्रॅमची गोळी रोज घेतो आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन-एच ही गोळी आधीपासून चालू आहे. गेल्या आठवड्यात युरिक ॲसिड ७.४ आले.

माझी मुलगी गेल्या वर्षी स्कूबा डायव्हिंग शिकली आणि तिच्या आग्रहाने मीही येथील जलतरण तलावात प्रशिक्षणाचे दोन वर्ग पूर्ण केले. समुद्रातले चार डाइव्ह डिसेंबरमध्ये तारकर्लीला करायचे ठरले आहे. त्यासाठीचा वैद्यकीय अर्ज भरताना 'डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे घेता का' या प्रश्नापाशी मी थांबलो. खरे उत्तर 'होय' आहे, आणि 'होय' लिहिले की डॉक्टरांची सही लागते. माझ्या डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितले की गाऊटचे ते पाहतील, पण पाण्याखाली शरीरात काय घडते याचा त्यांचा अभ्यास नाही. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला आवडला, परंतु माझा प्रश्न तसाच राहिला.

मला सर्वांत जास्त काळजी एकाच गोष्टीची वाटते. वर्गात आम्हाला शिकवले की वर आल्यानंतर सांधे दुखू लागणे हे डीकम्प्रेशन सिकनेसचे, म्हणजे बेंड्सचे, लक्षण असते. माझे सांधे तर एरवीही दुखतात. मग डाइव्हनंतर रात्री अंगठा किंवा गुडघा ठणकू लागला, तर मी काय समजावे? वेदनाशामक गोळी घेऊन झोपावे की सगळ्यांना उठवून दवाखाना गाठावा? शिवाय गार पाणी, पायात घट्ट फिन्स (पोहताना घालायचे वल्ह्यासारखे रुंद पंजे) आणि पाठीवर सिलिंडरचे ओझे यांमुळे झटका येऊ शकतो का, हेही जाणून घ्यायचे आहे. ज्यांना दोन्हींचा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दवाखाना_सदाशिव (पुणे)

मी सदाशिव पेठेत सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो आणि गेली बारा वर्षे स्वतः डायव्हिंगही करतो. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कोणालाही 'जा' किंवा 'जाऊ नका' असे सांगणे योग्य नाही, म्हणून पुढील मजकूर आपल्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावा एवढ्यासाठीच लिहीत आहे.

आधी दोन्ही दुखण्यांचे मूळ पाहू. गाऊटमध्ये रक्तातील युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठतात. शरीराच्या ३७ अंश तापमानाला रक्तात दर डेसिलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅम युरेट विरघळून राहू शकते. तापमान ३० अंशांपर्यंत उतरले की ही मर्यादा साडेचारच्या आसपास येते. पायाचा अंगठा हृदयापासून सर्वांत दूर आणि सर्वांत गार असतो. पहिला झटका बहुधा तिथेच का येतो, याचे एक मोठे कारण हे आहे. बेंड्समध्ये स्फटिकांऐवजी वायू असतो. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, त्यामुळे १८ मीटरवर आपण २.८ वातावरणांच्या दाबाची हवा श्वासात घेतो आणि त्या हवेतील नायट्रोजन रक्तात व ऊतींमध्ये जास्त प्रमाणात विरघळतो. भराभर वर आल्यास तो बाहेर पडायला पुरेसा वेळ मिळत नाही आणि त्याचे बुडबुडे होतात. टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके १९०८ साली जॉन स्कॉट हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून मांडली. (त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. दाबाखालच्या श्वसनाचे प्रयोग त्यांनी स्वतःच्या शरीरावर केले होते. आपल्या देशाशी जोडलेला हा धागा फार थोड्या डायव्हरांना माहीत असतो, म्हणून सांगितले.)

अशा रीतीने दोन्ही आजारांची कारणे पूर्णपणे वेगळी आहेत. गाऊट आहे एवढ्यावरून बेंड्स होण्याची शक्यता वाढते असे सिद्ध झालेले नाही, आणि झटका नसताना, औषध अंगवळणी पडलेले असताना, केवळ गाऊटमुळे डायव्हिंग कायमचे वर्ज्य ठरत नाही. पण ही दोन्ही दुखणी एका ठिकाणी एकमेकांच्या वाटेत येतात, ते म्हणजे शरीरातील पाणी कमी होणे. पाण्यात उतरल्यावर दाबामुळे हातापायांतील रक्त छातीकडे सरकते, शरीराला पाणी जास्त झाल्यासारखे वाटते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकू लागतात. प्रत्येक डायव्हरला वर आल्याआल्या लघवीला जावे लागते ते याच कारणाने. त्यात सिलिंडरमधील हवा अगदी कोरडी, बोटीवर ऊन आणि पोटात ढवळत असल्यामुळे पाणी पिण्याची टाळाटाळ. दिवसभरात लिटर-दीड लिटरची तूट सहज पडते. अशा वेळी रक्तातील युरिक ॲसिडचे प्रमाण वाढते, आणि डीहायड्रेशन बेंड्सलाही पोषक मानले जाते.

आता आपल्या गोळ्यांविषयी. टेल्मिसार्टनच्या नावापुढील 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड. ते लघवी वाढवणारे औषध आहे आणि ते युरिक ॲसिड शरीरात अडवून ठेवते. गाऊटच्या रुग्णाच्या पाकिटावर हे एक अक्षर वर्षानुवर्षे तसेच राहिलेले मी अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी मला हळहळ वाटते. ती गोळी मनाने बंद करू नये, पण पर्याय आहे का असे डॉक्टरांना जरूर विचारावे. लोसार्टनसारख्या औषधाने रक्तदाबाबरोबर युरिक ॲसिडही थोडे उतरते. दुसरे असे की फेबुक्सोस्टॅट किंवा ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यानंतर पहिले तीन ते सहा महिने झटके येण्याची शक्यता उलट वाढते, कारण जुने साठे विरघळताना स्फटिक मोकळे होतात. आपली गोळी सप्टेंबरात सुरू झाली आहे आणि युरिक ॲसिड अजून ६ च्या खाली आलेले नाही. माझ्या मते डिसेंबर ही आपल्यासाठी घाई ठरेल. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवून, युरिक ॲसिड ६ च्या खाली काही महिने टिकले आणि त्या काळात झटका आला नाही, तर मार्च-एप्रिलमध्ये जावे. कोकणातला हंगाम मेपर्यंत असतो, त्यामुळे काहीही हातचे जात नाही.

मला गाऊटपेक्षा आपल्या हृदयाची चिंता अधिक आहे. वय ४८, रक्तदाब आणि गाऊट ही तिन्ही एकत्र आली की हृदयरोगाचा धोका वाढतो, आणि डायव्हिंगमध्ये होणाऱ्या मृत्यूंमागे हृदयविकार हे मोठे कारण असते. शिवाय रक्तदाब असलेल्या व्यक्तींना पाण्यात असताना फुप्फुसांत पाणी साचण्याचा त्रासही होऊ शकतो. म्हणून इसीजी, टूडी इको आणि स्ट्रेस टेस्ट करून मगच अर्जावर सही घ्यावी. हृदयविकार असलेल्यांना फेबुक्सोस्टॅट देताना विशेष काळजी घेण्याचा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये दिला होता. तपासणीत काही निघाले तर त्या गोळीचाही फेरविचार होईल.

आपल्या मुख्य प्रश्नाचे माझे उत्तर असे. गाऊटचा सांधा लाल, गरम, सुजलेला आणि स्पर्शाला असह्य असतो. दुखणे बहुधा रात्री किंवा पहाटे सुरू होऊन बारा ते चोवीस तासांत शिगेला पोहोचते. बेंड्सची वेदना खोल, बोथट, नेमके बोट ठेवून दाखवता न येणारी असते. डायव्हरांमध्ये ती प्रामुख्याने खांदा आणि कोपरात होते, वरून सांधा बहुतेक वेळा अगदी नेहमीसारखा दिसतो आणि दाबल्याने दुखणे विशेष वाढत नाही. बहुतेक रुग्णांत लक्षणे पहिल्या काही तासांत आणि जवळजवळ सर्वांत चोवीस तासांच्या आत दिसतात. पायाच्या अंगठ्यात बेंड्स होणे विरळच. त्यामुळे फक्त अंगठाच लाल होऊन सुजला असेल, तर तो गाऊट असण्याची शक्यता खूप अधिक आहे. गुडघा, घोटा आणि खांद्याच्या बाबतीत मात्र हे इतके सोपे नाही.

औंधची_वाट (पुणे)

डॉक्टरांनी शेवटी लिहिलेल्या गुडघ्याच्या वाक्यावर मी माझा अनुभव सांगते, कारण मी नेमकी तिथेच चुकले होते.

माझे वय ५७ आहे. बायकांना गाऊट होत नाही असा समज असल्यामुळे माझे दुखणे दोन वर्षे 'गुडघ्यांची झीज' म्हणूनच चालले. पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेनमुळे युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर पडायला मदत होते; पाळी गेल्यानंतर ती मदत थांबते, हे मला एका डॉक्टरांनी गुडघ्यातले पाणी सुईने काढून, ते तपासून आणि त्यातले स्फटिक दाखवून समजावले, तेव्हा कुठे खरे औषध सुरू झाले.

दोन वर्षांपूर्वी आम्ही अंदमानात स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, गेलो होतो. तीन दिवसांत सहा डाइव्ह झाले, सर्वांत खोल १७ मीटरचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवताना डावा गुडघा जड वाटू लागला. मी गाऊटची जुनी रुग्ण, त्यामुळे मला जराही शंका आली नाही. दोन दिवस मी कोळंबी आणि खेकडे भरपूर खाल्ले होते, पाणी कमी प्यायले होते. कारण समोर दिसत होते. मी पर्समधली एटोरिकॉक्सिबची वेदनाशामक गोळी काढली, घेतली आणि खोलीवर जाऊन झोपले. कोणालाही काही सांगितले नाही, कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांची सहल माझ्यामुळे अडकू नये असे वाटत होते.

रात्री अकरा वाजता यजमानांनी सहज विचारले की गुडघा सुजला आहे का. मी पांघरूण सारून दिव्याखाली दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही अगदी सारखे होते. डाव्यावर हात ठेवला, तो उजव्याइतकाच गार लागला. मी गुडघा जोरात दाबला आणि मला फारसे काही झाले नाही. गाऊटमध्ये मी त्या गुडघ्याला परकराचा काठही लागू देत नाही! तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. शिवाय डाव्या पोटरीला मुंग्या येत होत्या, त्या मी संध्याकाळपासून 'बसून बसून आल्या असतील' म्हणून मनावर घेतल्या नव्हत्या.

आमच्या प्रशिक्षकांनी दार वाजवल्यावर एक मिनिटही न दवडता ऑक्सिजनचा मास्क लावला, आडवे झोपवले, पाणी प्यायला दिले आणि डॉक्टरांना फोन लावला. फोनवर पहिला प्रश्न विचारला गेला तो 'कोणती वेदनाशामक गोळी घेतली का, आणि किती वाजता?' असा. गोळीमुळे दुखणे किती आहे आणि ऑक्सिजनने ते किती कमी झाले, हे समजेनासे झाले होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीने मला मोठ्या बेटावर नेले आणि रीकम्प्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे पुन्हा दाब वाढवून बुडबुडे विरघळवणाऱ्या बंद खोलीत, जवळपास पाच तास उपचार झाले. गुडघा आणि मुंग्या दोन्ही त्याच दिवशी थांबल्या. विमानप्रवास अर्थातच लांबला.

मला आजही रुखरुख लागते ती त्या पाच तासांची, जे मी माझ्या जुन्या आजाराच्या खात्यात टाकून वाया घालवले. म्हणून मुठाकाठ यांना मनापासून सांगते, गाऊटच्या औषधांचा डबा डाइव्हच्या दिवशी खोलीत कपाटात ठेवा आणि डाइव्हनंतर चोवीस तास कोणतीही वेदनाशामक गोळी घेण्याआधी दुसऱ्या माणसाला सांगा. युरिक ॲसिडची रोजची गोळी मात्र चुकवू नका. ती वेदनाशामक नाही आणि तिने काही लपत नाही.

मी गेल्या वर्षी पुन्हा डायव्हिंग केले. निघण्यापूर्वी युरिक ॲसिड ५.१ होते, डायव्हिंगचा अभ्यास असलेल्या डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली होती आणि दिवसाला एकच डाइव्ह घेतला.

तारकर्लीकर

मी प्रशिक्षक आहे. हंगामात मालवण-तारकर्लीला आणि पावसाळ्यात पुण्यातल्या तलावांवर शिकवतो. औंधच्या ताईंनी जे लिहिले आहे ते मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला लावणार आहे.

डॉक्टरांचा मान राखून एक सांगतो. अंगठा लाल झाला तर तो बहुतेक गाऊट, हे दवाखान्यात बसून ठरवायला ठीक आहे. बोटीवर किंवा किनाऱ्यावर मी तो निर्णय करत नाही आणि माझ्या विद्यार्थ्यालाही करू देत नाही. डाइव्हनंतर चोवीस तासांत सुरू झालेली कोणतीही नवी वेदना ही डॉक्टर नाही म्हणेपर्यंत बेंड्सच. मी आधी शंभर टक्के ऑक्सिजन देतो, मग फोन करतो आणि मग कारणांची चर्चा. गाऊट असूनही ऑक्सिजन दिला तर काही नुकसान होत नाही. बेंड्स असून दिला नाही तर पायातली शक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून आपण डाइव्हच्या सकाळी मला पाय दाखवावेत. खरेच, बूट काढून दाखवावेत. कोणता सांधा आधीपासून जाड आहे, कोणता किती वाकतो, कुठे दुखरे आहे, ते मी वहीत लिहून ठेवतो. संध्याकाळी काही वाटले तर तुलना करायला ती नोंद लागते. दोन विद्यार्थ्यांच्या बाबतीत ती मला उपयोगी पडली आहे.

गार पाण्याबद्दल: आपल्याकडे डिसेंबरात पाणी साधारण २७-२८ अंश असते, म्हणजे उतरताना गार वाटतही नाही. पण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते, आणि पाऊण तासानंतर पावले गार पडलेली असतात. पातळ सूट घालून काम भागवण्याचा हट्ट धरू नये. वर आल्यावर पहिल्यांदा पाय पुसून कोरडे मोजे घालावेत. अंग पुसण्याआधी पाय. सिलिंडर रिकामा असला तरी पट्ट्या आणि वजनांसकट पाठीवर वीसेक किलो असतात आणि हलत्या बोटीवर ते सगळे वजन चवड्यांवर येते. आपण सांगितलेत तर सिलिंडर पाण्यातच चढवू आणि पाण्यातच उतरवू. त्यात कमीपणा काही नाही, माझ्याकडे साठीचे अनेक जण असेच करतात.

मुठाकाठ

आपण सर्वांनी एवढा वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. औंधच्या ताई, आपला अनुभव मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. मुलीने ताबडतोब डिसेंबरचे आरक्षण मार्चअखेरीवर ढकलले. 'एच'बद्दल माझ्या डॉक्टरांशी काल बोललो. त्यांनी दोन आठवडे रक्तदाबाची नोंद ठेवायला सांगून गोळी बदलली आहे आणि स्ट्रेस टेस्टची तारीखही घेतली आहे.

दोन शंका उरल्या. पहिली आहाराची. घरात गाऊट म्हटल्यापासून तूरडाळ, मटकी, पालक, टोमॅटो सगळे बंद झाले आहे. सकाळी उसळ नाही, रात्री आमटी नाही. असे जेवून मी कंटाळलो आहे. मालवणला गेल्यावर मासळीही खायची नाही का? दुसरी शंका परतीची. आमचा बेत असा होता की सकाळचा शेवटचा डाइव्ह संपवून दुपारी जेवून गाडीने निघायचे आणि रात्री पुण्याला पोहोचायचे. विमान नसल्यामुळे यात अडचण नसावी, असे मी धरून चाललो आहे.

दवाखाना_सदाशिव (पुणे)

आमटी आजपासून सुरू करावी. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ४७ हजार पुरुषांचा १२ वर्षे मागोवा घेतला गेला. त्यात मांस आणि समुद्री अन्न अधिक खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला, दूध-दही घेणाऱ्यांना कमी झाला, आणि डाळी-पालकासारख्या प्युरीनयुक्त (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनते ते प्युरीन असलेल्या) भाज्यांमुळे धोका वाढलेला आढळला नाही. वाटीभर वरण बंद करून आपल्याकडचे शाकाहारी रुग्ण प्रथिने गमावतात आणि युरिक ॲसिड तसूभर हलत नाही, हे मी रोज पाहतो. एखाद्या पदार्थाने आपल्याला प्रत्येक वेळी त्रास झालेला लक्षात आला असेल तर तो अवश्य टाळावा, पण यादी छापून भिंतीवर लावू नये. बिअर मात्र पूर्ण टाळावी, आणि साखरेची थंड पेयेही. फळांतल्या साखरेचे, म्हणजे फ्रुक्टोजचे, विघटन होताना युरिक ॲसिड तयार होते, आणि बाटलीतल्या गोड पेयांतून ती भरमसाट जाते.

मालवणात तारली, पेडवे, बांगडा, शिंपल्या आणि गाबोळी यांपासून डाइव्हच्या दिवसांत लांब राहावे. सुरमईचा एखादा तुकडा खायला हरकत नाही. सोलकढी हवी तेवढी प्यावी. पाणी मात्र घड्याळ लावून प्यावे आणि लघवीचा रंग फिका राहील याकडे लक्ष ठेवावे. झटक्यासाठी कोल्चिसिन जवळ ठेवायचे असेल तर त्याने जुलाब होऊ शकतात हे ध्यानात घ्यावे. ज्या दिवशी जुलाब झाले त्या दिवशी पाण्यात उतरू नये. झटका येऊन गेला असेल तर तो पूर्ण ओसरून, लंगडणे थांबून, वेदनाशामक औषध बंद होईपर्यंतही उतरू नये. याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात.

परतीच्या प्रवासाबद्दल तारकर्लीकरांनीच लिहिलेले बरे.

तारकर्लीकर

परतीबद्दल आपला अंदाज चुकीचा आहे, आणि पुण्याच्या दर दुसऱ्या गटाला मला हेच सांगावे लागते. प्रश्न विमानाचा नसून उंचीचा आहे. उंच गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवस वारंवार डाइव्ह केल्यास किमान १८ तास विमानात बसू नये, हा सर्वमान्य नियम ६०० मीटरच्या पुढच्या उंचीसाठी सांगितला जातो. आता आपला रस्ता पाहा. आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे. फोंडा घाटाने किंवा गगनबावड्यावरून गेलात तरी सह्याद्री चढावाच लागतो, पुढे साताराही ७०० मीटरच्या वर आहे, आणि पुणे स्वतःच सुमारे ५६० मीटरवर वसलेले आहे. मुंबईच्या माणसाला डाइव्ह करून महामार्गाने समुद्राच्या कडेकडेने घरी जाता येते. पुण्याच्या माणसाला घरी जायचे म्हणजे डोंगर चढूनच जायचे.

त्यात आपल्यासारख्याला आठ-नऊ तास गाडीत पाय दुमडून बसायचे, लघवीला थांबावे लागेल म्हणून पाणी कमी प्यायचे, आणि घाट चढताना गुडघा दुखू लागला तर मध्यरात्री रस्त्यावर ना ऑक्सिजन, ना डॉक्टर. म्हणून चौथा डाइव्ह सकाळी झाला तरी ती रात्र मालवणातच काढावी आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी करून निघावे. संध्याकाळी सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा राहिला असेल तर तो पाहता येईल. तटावर चढलात तरी ती उंची मोजण्याइतकी नाही.

मुठाकाठ

हे खरेच लक्षात आले नव्हते. एक रात्र वाढवतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात युरिक ॲसिड पुन्हा तपासणार आहे. ते ६ च्या वर असेल किंवा त्याआधी झटका आलेला असेल, तर मुलगी एकटी जाईल आणि मी किनाऱ्यावर थांबेन, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

शेवटचे एक विचारतो. तलावात मला पाय पूर्ण आत जाणारे फिन्स दिले होते आणि उजव्या अंगठ्याच्या गाठीवर ते रुतत होते. त्यासाठी काही करता येईल का?

तारकर्लीकर

तसे फिन्स आपल्याला चालणार नाहीत. मागे पट्टा असलेले, टाच उघडी राहणारे फिन्स घ्यावेत आणि त्यांच्या आत निओप्रीन रबराचे जाड तळव्याचे बूट घालावेत. त्यात पाय उबदारही राहतो. बूट नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठे घ्या, आणि मापायला संध्याकाळी जा, कारण दिवसभराने पाऊल थोडे फुगलेले असते. दुकानात बूट घालून दहा मिनिटे चवड्यांवर उभे राहून पाहा. गाठीवर जरासाही दाब जाणवला तर तो बूट घेऊ नका. तसे असेल तर मला कळवा, माझ्याकडे रुंद पंजाचे दोन जोड आहेत, ते मी पुढच्या रविवारी तलावावर घेऊन येईन.